गल्ला मोजून झाला, आता ताळेबंद दाखवा

प्रति,
बडोदे शहराचा कारभार आणि अर्थसंकल्प ज्यांच्या हाती आहे, ते सर्व लोकप्रतिनिधी व अधिकारी

विषय : शहराची प्रगती कशाने मोजायची याबद्दल

स.न.वि.वि.

या पत्राला निमित्त एका वजनकाट्याचं झालं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची नात सोसायटीमागच्या वस्तीतल्या आंगणवाडीत जाते. परवा आजीचा पाय मुरगळला म्हणून तिला आणायला मी गेले. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं तेव्हा या आंगणवाडीची खोली बुडाली होती. 'तात्पुरती सोय' म्हणून ती एका घराच्या पडवीत हलवली. पुढचा पावसाळाही तिने तिथेच काढला आणि अजून ती तिथेच आहे. पत्र्याखाली सतरा मुलं, एक कार्यकर्ती बेन आणि एक तेडागर (मदतनीस). भिंतीला टेकवून वजनकाटा ठेवलेला होता आणि त्याच्यावर बालशक्ती या पोषण आहाराच्या पाकिटांचं खोकं.

मी विचारलं, "चालत नाही वाटतं?"

"पुरात गेला, तेव्हापासून बंद."

"मग मुलांची वजनं?"

बेन ओशाळून हसल्या. मागच्या महिन्याच्या आकड्यात शंभर-दीडशे ग्रॅम मिळवून त्या मोबाइलमध्ये भरतात. भरावंच लागतं, कारण रकाना रिकामा राहिला की फोन येतो. काटा मिळावा म्हणून त्यांनी तीनदा अर्ज दिलाय. अर्जाच्या नकला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, खिळ्याला टांगून ठेवल्या आहेत, ओलीपासून जपून.

त्यांना मी बोल लावणार नाही. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी 31 वर्षं हिशेब लिहिले. कुणी अंदाजाने आकडा टाकलेलं व्हाउचर आणलं तर मी ते परत पाठवत असे, मग साहेब कितीही ओरडोत. इथे आकडा मागणाऱ्यानेच मोजायचं साधन दिलेलं नाही. मग दोष कुणाच्या नावे टाकायचा?

त्याच आठवड्यात आपल्या नव्या अर्थसंकल्पाची पुस्तिका हाती आली. गुळगुळीत कागद, पानोपानी पुलांचे आणि चौकांचे फोटो. कुठे किती कोटी, कुठे किती किलोमीटर, सगळं तपशीलवार. 'प्रगती' हा शब्द किती वेळा आला ते मोजायला बसले (खोड जात नाही) आणि मध्येच सोडून दिलं. त्या सतरा पोरांपैकी किती जणांची वाढ खुंटली आहे, त्याचा मात्र एक रकाना नाही. रस्त्याच्या डांबराची जाडी आपण मोजून घेता. पोराचं वजन अंदाजे चालतं. हे मला मुकाट्याने गिळवेना, म्हणून हे उघड पत्र.

मंगळबाजारात दुकान चालवणाऱ्याचं पोरही सांगेल की गल्ला म्हणजे नफा नव्हे. दिवसभर गल्ला खणखणला तरी उधारी किती, माल किती सडला, छपराची कौलं किती फुटली हे लिहिल्याशिवाय धंदा चालला की बुडाला ते कळत नाही. राज्याचं आणि देशाचं सकल उत्पादन हा असा गल्ला आहे. 'सकल' शब्दाचा अर्थच मुळी घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, वजा न केलेलं. आमच्या कारखान्यात घसारा न लावता ताळेबंद काढला असता तर ऑडिटरने दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं.

माझ्याच घरचा हिशेब देते. आमचं टेनामेंट कारेलीबागेत, तळमजल्यावर. त्या ऑगस्टमध्ये नदी 37 फुटांवर गेली आणि रात्री दोनच्या सुमारास पाणी ओटा चढून आत आलं. पहाटे टॉर्च मारला तर फ्रिज आडवा होऊन स्वयंपाकघरात तरंगत होता. शेजारच्या सोसायटीत मगर शिरली होती. बडोदेकरांना याचं फारसं नवल नाही, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. तीन दिवस वीज नव्हती. दूध गच्चीवरून दोरीने वर घेतलं. पाणी ओसरल्यावर मी वही उघडली. नवा फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन गाद्या, स्कूटरचं इंजिन, खालच्या भिंतींचा गिलावा आणि रंग, गाळ उपसणाऱ्या माणसांची मजुरी. एकूण 1 लाख 43 हजार. मुलीच्या लग्नानंतर जेमतेम साठलेली मुदत ठेव मोडली.

आता गंमत बघा. यातला जवळजवळ प्रत्येक रुपया कुणाची तरी विक्री, कुणाची तरी मजुरी म्हणून उत्पन्नात जमा झाला. माझ्या वहीत जे नुकसान, ते राज्याच्या वहीत उलाढाल. आणि जे गेलं ते कुठेच नाही. सासूबाईंची पेटी गेली, भात्याचं कातडं कुजलं आणि सूर फुगले. शेजारच्या मुलाची मार्कशीटं गेली. यजमानांचा खोकला दिवाळीपर्यंत हटला नाही, त्याच्या औषधांचा खर्च तेवढा मोजला गेला, खोकला नाही! आता श्रावणात जोराची सर आली की मी आधी मुख्य स्विच बंद करते आणि मग देवापुढे दिवा लावते. हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

हे शहाणपण माझं नव्हे. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी 1934 साली अमेरिकेच्या सिनेटसाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब मांडला आणि त्याच अहवालात बजावून ठेवलं, की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. औषधाच्या बाटलीवरची सूचना कुणी वाचत नाही, तसं त्या इशाऱ्याचं झालं. पुढे 1990 मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने मानव विकास निर्देशांक आणला, त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आलं. न्यूझीलंडने 2019 मध्ये आपला अर्थसंकल्पच लोकांच्या सुस्थितीभोवती मांडला आणि मुलांची गरिबी, मानसिक आरोग्य या बाबी पुढे घेतल्या. आपल्याकडेही पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने डिसेंबर 2022 मध्ये राज्यं आणि जिल्ह्यांचा सामाजिक प्रगती निर्देशांक काढला. जिल्ह्यांत पहिलं आलं ऐझॉल. तिथे ना रिफायनरी, ना विमानाचा कारखाना. राज्यांचे सहा गट केले होते, त्यात गुजरात चौथ्या गटात होतं, आणि महाराष्ट्रातल्या माझ्या नातलगांनी फार हसू नये, महाराष्ट्रही त्याच गटात होतं.

म्हणजे मोजायची पद्धत नाही असं नाही. ती शहराच्या पैशाला जोडलेली नाही, एवढीच माझी तक्रार आहे. आता एकेक मुद्दा घेते.

पहिला रक्ताचा. देशाच्या लोकसंख्येत आपल्या राज्याचा वाटा सुमारे 5 टक्के, आणि देशाच्या उत्पादनात 8 टक्क्यांच्या वर. याचा मला अभिमान आहे, त्यात माझ्या 31 वर्षांची कणभर भर आहे. पण 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण उघडा. गुजरातेत पाच वर्षांखालच्या 39 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली, 39.7 टक्के मुलांचं वजन कमी, आणि सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या 79.7 टक्के मुलांना पंडुरोग, म्हणजे रक्त कमी. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा शेवटचा आकडा 62.6 होता. 15 ते 49 वयाच्या बायकांत 54.9 वरून 65. या मधल्या वर्षांत राज्याचं उत्पादन चढतच होतं. गल्ला भरत गेला आणि घरातल्या पोरांचं रक्त कमी होत गेलं, असं एखाद्या कुटुंबात दिसलं तर आपण त्या कर्त्या पुरुषाला काय म्हणू? हे आकडे राज्याचे आहेत, माझ्या वस्तीचे नाहीत. माझ्या वस्तीचे आकडे बंद काट्यावर आहेत.

दुसरा मुद्दा थोडक्यात. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2021 च्या मार्चमध्ये 'ईझ ऑफ लिव्हिंग'ची, म्हणजे कोणतं शहर राहायला किती सुखाचं याची, यादी जाहीर केली. दहा लाखांवरच्या शहरांत बडोदं आठवं आलं. आपण फलक लावले, चांगलं केलं. पण त्या गुणांतले 30 टक्के गुण नागरिकांच्या मताला होते. नागरिक कशाबद्दल खूश आहेत आणि कशाबद्दल नाहीत, यावर त्यानंतर एकदा तरी सभागृहात चर्चा झाली का? आठवा नंबर फलकावर गेला आणि मतं फायलीत.

तिसरा मुद्दा बायकांच्या वेळेचा. सरकारच्याच 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषाची 88. हे काम उत्पन्नात धरत नाहीत, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. शहराच्या कारभाराशी त्याचा संबंध काय, तर हा : नळाला पाणी पहाटे साडेपाचला आलं आणि कमी दाबाने आलं, तर त्या 289 मिनिटांत वीस मिनिटं कुणाची वाढतात? बस वेळेवर आली नाही तर शाळेतून नातवाला आणायला कुणाला अर्धा तास आधी निघावं लागतं? आपली प्रत्येक ढिलाई कुणीतरी बाई आपल्या वेळेतून फेडत असते, आणि त्याची पावती मिळत नाही.

चौथा मुद्दा मांडताना मला जरा मागे जावं लागेल, कारण बडोद्याने हा धडा एकदा गिरवलेला आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून वाचनालयांचं जाळं विणलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. संस्थानचे वार्षिक अहवाल निघत. त्यांत महसुलाच्या शेजारी शाळा, शाळांतला पट, दवाखाने, ग्रंथालयं यांचे आकडे असत. आमच्या आजोबांच्या तोंडी 'सरकारांच्या वेळी' हे पालुपद होतं. लहानपणी ते ऐकून मी कंटाळत असे. आता कळतं की त्यांना राजवाडा नव्हे, तो हिशेब आठवत असावा.

1913 मध्ये याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण न्यूयॉर्कला शिकायला गेला. भीमराव आंबेडकर. संस्थानच्या वहीत ती रक्कम खर्चाच्या बाजूला पडली असणार. उत्पादन किती वाढलं म्हणून विचाराल तर शून्य. त्या एका खर्चाने या देशाला काय मिळालं, ते कोणत्या मापाने मोजाल?

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि म्हणून ती मी फक्त मिरवण्यासाठी सांगत नाही. 1917 मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्यात नोकरीला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरले, तिथून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. कमाटी बागेतल्या झाडाखाली त्यांनी ते दुःख सोसलं, ती जागा आज संकल्प भूमी म्हणून ओळखली जाते. शाळा होत्या, वाचनालयं होती, राजा पाठीशी होता, आणि तरी एक आडनाव ऐकलं की दार बंद होत होतं. अहवालात त्याचा रकाना नव्हता.

आजही नाही. माझ्या हाताखाली एक हुशार मुलगा हिशेब लिहायचा. लग्न ठरल्यावर त्याने भाड्याचं घर शोधायला सुरुवात केली. फोनवर सगळं जमायचं, आडनाव सांगितलं की "घरमालक बाहेरगावी गेलेत". चार ठिकाणी घरमालक बाहेरगावी गेले. शेवटी तो छाणीच्याही पलीकडे राहायला गेला आणि रोज येऊन-जाऊन दोन तास घालवू लागला. त्याचं पेट्रोल उत्पन्नात धरलं गेलं. ज्या शहरात बाबासाहेब झाडाखाली बसले, त्या शहराने वर्षातून एकदा एवढं तरी मोजावं, की आडनाव, धर्म किंवा एकटी बाई म्हणून किती जणांना घर नाकारलं गेलं. नमुना-पाहणी करायला फार पैसे लागत नाहीत. धैर्य लागतं, हे मला कबूल आहे.

आता दोन आक्षेप, जे आपल्यापैकी कुणीतरी घेणारच.

"बेन, आकडे काढून पोट भरत नाही, कारखाने आले तर भरतं." खरं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये इथे सी-295 विमानांचा कारखाना सुरू झाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले, एक पेढा मीही खाल्ला. गल्ला नको असं कुठला हिशेबनीस म्हणेल? गल्ल्याशिवाय ताळेबंद मांडायला काही उरतच नाही. मी फक्त दुसरी बाजू मागते आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : मोजायला लागलं की लोक आकडा सुधारतात, वस्तुस्थिती नाही. वजनकाट्याची गोष्ट त्याचंच उदाहरण. म्हणूनच मला सगळ्याचा मिळून एक निर्देशांक, एक नंबर नको आहे. सरासरीत सुखवस्तू अलकापुरी आणि आमची मागची वस्ती एकमेकींत विरघळतात आणि शहर 'बरं' दिसतं. 'आनंद' मोजा असंही मी म्हणत नाही. माझा आनंद पावसावर आणि सुनेच्या फोनवर अवलंबून आहे, त्यात आपण पडू नये. मोजायचं ते थोडं, साधं आणि वॉर्डनिहाय. आणि ज्याच्या कामाचं माप आहे त्याने ते स्वतः घेऊ नये. कारखान्यात रोखपाल आणि तपासणारा एकच माणूस कधी ठेवत नाहीत.

तेव्हा मागण्या अशा.

आंगणवाडीला काटा आणि उंची मोजायची पट्टी, दोन्ही चालू स्थितीत, पुढच्या महिन्याच्या वजनाआधी. ही मागणी या पत्रातली सगळ्यात स्वस्त आहे. पुरानंतर 'तात्पुरत्या' हलवलेल्या शहरातल्या सगळ्या आंगणवाड्यांची यादी जाहीर करा आणि प्रत्येकीपुढे स्वतःच्या खोलीत परतायची तारीख लिहा.

अर्थसंकल्प मांडण्याच्या एक महिना आधी 19 ही वॉर्डांचा ताळेबंद प्रसिद्ध करा. दहा-बारा बाबी पुरेत : मुलांचं वजन आणि रक्त, नळाला पाणी किती तास व ते पिण्याजोगं आहे का, पुरात किती घरांत पाणी शिरलं आणि घरटी किती नुकसान झालं, बससाठी किती वेळ थांबावं लागतं, सत्तरीच्या माणसाला एकट्याने दवाखान्यापर्यंत चालत जाता येतं का, वाचनालयात किती जण येतात, घर नाकारल्याच्या किती घटना. गुजराती, हिंदी आणि मराठीत छापा. जमल्यास साध्या कागदावर.

मोजणी बाहेरच्यांकडून करून घ्या. आपल्या गावातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सांख्यिकीचा विभाग आहे, अन्न आणि पोषण शिकवणारा विभाग आहे. पोरांना प्रकल्प हवेच असतात. नागरिकांतले काही लोक सोबत द्या.

ज्या वॉर्डाचा ताळेबंद सगळ्यात वाईट, त्याला नव्या निधीत पहिला हात. आणि मोठ्या रकमेचा कोणताही प्रकल्प सभागृहात आणताना त्याच्या पहिल्या पानावर लिहा, की यामुळे या बाबींपैकी कोणती, कोणत्या वॉर्डात, किती हलेल. काहीच हलणार नसेल तर तसं लिहा. पूल तरीही बांधा हवा तर, पण लिहून बांधा.

विश्वामित्रीच्या कामावर जो खर्च होतो आहे त्याच्या शेजारी, पुराने घरांचं जे गेलं त्याचा आकडा छापा. मी माझी वही द्यायला तयार आहे. सोसायटीतल्या आणखी अकरा घरांनीही आपापल्या वह्या देऊ केल्या आहेत. पावत्या जोडलेल्या आहेत, बहुतेक वाळवून.

हे पत्र पाठवायच्या आधी आज पुन्हा आंगणवाडीत जाऊन आले. काट्यावरचं खोकं काढून पुसून बघितला, सेलच्या खणात अजून गाळ आहे. बेन म्हणाल्या, येत्या मंगळवारी पुन्हा वजनं भरायची आहेत. त्या दिवशी सकाळी दहापर्यंत चालता काटा पोचवलात तर आकडे लिहून घ्यायला मी वही घेऊन तिथे असेन.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस
कारेलीबाग, बडोदे